दादूच्या विशेष शिक्षिका बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आले होते, पण तुम्हाला पाहिलं आणि गळा दाटून आला. तेव्हा राहिलेलं आज लिहिते. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण दादूसारखी वाचता-लिहिताना अडणारी मुलं अजून कितीतरी घरांत मार खात असतील.

सहावीपर्यंत दादू 'घर'चं 'धर' वाचायचा. जोडाक्षर आलं की अडायचा. आधीच्या शाळेत चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहायला लावत. घरी मीही हात उगारलाय, बाई. तुम्ही त्याची वही मिटून बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "विहिरीवरची मोटार पाणी उचलेना, तर काय बघायचं रे?" फूटव्हॉल्व्हपासून सुरू झाला तो, थांबेचना! मग माझ्याकडे वळून म्हणालात, "हा आळशी नाही. याला येतं, कागदावर उतरत नाही एवढंच."

जुन्या लग्नपत्रिकेला चीर पाडून तुम्ही त्याला खिडकी करून दिलीत, एका वेळी एकच ओळ दिसेल एवढी. त्या खिडकीतून तो पहिल्यांदा अख्खं पान वाचून गेला.

दादूला अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे डोकं चालतं पण वाचणं-लिहिणं अडतं, याच्या प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी तीन खेपा झाल्या. मी कंटाळले, तेव्हा तुम्ही 2016 चा दिव्यांग हक्क कायदा समजावून सांगितलात. अध्ययन अक्षमता त्यात आहे, परीक्षेत जादा वेळ आणि सांगेल ते लिहून देणारा लेखनिकही आहे. "हात जोडून मागू नका, हक्काचं आहे," म्हणालात. त्यामुळेच तीन तासांच्या पेपरला, तासाला 20 मिनिटांप्रमाणे, त्याला एक तास जास्त मिळाला.

आणि गणित! सातवीच्या पातळीचं गणित घ्यायची सोय आहे म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले होते. तुम्ही अडवलंत. "त्याचं गणित पक्कं आहे, अडतो तो प्रश्न वाचताना. प्रश्न कुणीतरी वाचून दाखवला की झालं." एका भाषेऐवजी मात्र कार्यानुभव घ्यायला लावलंत. कुठली सवलत घ्यायची आणि कुठली नाही, हे त्याच्याजवळ बसून ठरवणारं दुसरं कुणी आम्हाला भेटलं नसतं.

लेखनिक म्हणून आलेल्या नववीतल्या मुलीचेही आभार. तुम्ही दोघांना महिनाभर समोरासमोर बसवलंत. तो सांगेल तेच ती लिही, चुकलं तरी स्वतःचं घालत नसे. भूमितीच्या आकृत्या त्याने आपल्या हाताने काढल्या.

आता आयटीआयचा फॉर्म भरलाय. लग्नपत्रिकेची खिडकी तिकडेही नेणार म्हणतो. तुमच्याकडे चौथीतली एक मुलगी नव्याने येतेय ना, तिच्यासाठी त्याने तशीच एक कापून ठेवलीय. रविवारी घेऊन येतो.

तुमची,
दादूची आई