बाबा, त्या निवेदनावर सही करण्याआधी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वाचनालयाच्या मंडळापुढे आलेल्या निवेदनाचा फोटो मिळाला. 'लहान सार्वजनिक ग्रंथालयांना डेटा संरक्षण कायद्यातून सूट मिळावी.' सही करू का, एवढंच तुम्ही विचारलंत. नका करू. पण मंडळात कारण विचारतील, म्हणून जरा लांबण लावते. आई, तू त्यांना वाचून दाखवशील तेव्हा कलमांचे आकडे गाळू नकोस, सगळा वाद तिथंच आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि माहिती ठेवणाऱ्या संस्थांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. निवेदनाला आधार आहे कलम १७(३) चा. संस्थेकडे माहिती किती आणि कसली आहे ते पाहून केंद्र सरकार तिला काही कलमांतून मोकळं करू शकतं. स्टार्टअपचा उल्लेख तिथं नावानिशी आहे. त्यांच्या पंगतीत आम्हालाही बसवा, असं ग्रंथपालांतला एक गट म्हणतो. त्यांची तक्रार खोटी नाही. एक ग्रंथपाल, एक शिपाई, पगार अनुदानाच्या भरवशावर. वाचकाची संमती नि तक्रारी सांभाळायच्या कुणी?

आता ही सूट मिळाली तर काय सुटतं ते बघा. कलम ५, म्हणजे आम्ही तुमची कुठली माहिती कशासाठी घेतो हे वाचकाला सांगणं. कलम ८(३), म्हणजे नोंद अचूक ठेवणं. ८(७), काम संपल्यावर माहिती पुसणं. कलम १० सरकारनं वेगळ्या जाहीर केलेल्या बड्या संस्थांसाठी आहे, आपल्याला ते लागतच नाही. आणि कलम ११, 'माझ्याबद्दल तुमच्याकडं काय आहे' हे विचारण्याचा वाचकाचा हक्क. सुटत काय नाही? माहिती सांभाळण्याची जबाबदारी, जिथं हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आणि माहिती फुटली तर ते डेटा संरक्षण बोर्डाला, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी मंडळाला, आणि वाचकाला कळवणं. म्हणजे ग्रंथपालाच्या डोक्यावरचं ओझं होतं तिथंच राहतं आणि वाचकाचे हे हक्क तेवढे जातात. निवेदन लिहिणाऱ्यांनी कलम १७ शेवटपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

ज्या कलम ५ ची एवढी धास्ती घेतली आहे, ते एका पानाचं काम आहे. काय घेतो, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कुठं करायची. वाचकाला ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू छापा, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतील.

हा वाद आपल्याकडंच आहे असं नाही. युरोपीय आयोगानं १९ नोव्हेंबर २०२५ ला 'डिजिटल ऑम्निबस' नावाचा प्रस्ताव मांडला. २०१८ पासून लागू असलेला त्यांचा माहिती संरक्षणाचा कडक कायदा (जीडीपीआर) त्यात बऱ्याच ठिकाणी सैल होतो. माहिती फुटल्याचं कळवायची मुदत ७२ तासांवरून ९६ तासांवर, आणि तीही धोका मोठा असेल तरच. ग्रंथपालाला खटकावा असा मुद्दा दुसराच आहे. ज्याच्या हाती माहिती आहे त्याला तिच्यावरून माणूस ओळखता येत नसेल, तर त्याच्यापुरती ती वैयक्तिक माहिती धरायचीच नाही.

हे ऐकायला सरळ वाटतं. वाचनालयानं सॉफ्टवेअर कंपनीला नावं न देता फक्त सभासद क्रमांक आणि पुस्तकांची यादी दिली असं धरा. क्रमांक ४१७ : तेलुगू कथासंग्रह, यंत्रमागाच्या दुरुस्तीचं पुस्तक, डायलिसिसवरच्या रुग्णाचा आहार, विभाग साखर पेठ. नाव कुठंच नाही. पेठेतल्या कुणालाही दाखवा, तो घर सांगेल, घरात आजारी कोण आहे तेही सांगेल. कंपनीला सोलापूर ठाऊक नाही म्हणून तिला ओळखता येत नाही, इतकंच. ती यादी उद्या कुणाच्या हाती जाईल हे कंपनीच्या अज्ञानावर सोडायचं का?

सैल करा म्हणणाऱ्यांतही चांगली माणसं आहेत, विशेषतः अभिलेखागारांतली. जुन्या नोंदींवर संशोधन करायचं तर प्रत्येकाची संमती कुठून आणणार? पण आपल्या कायद्यात त्याला वाट आधीच आहे. संशोधन, अभिलेख आणि आकडेवारीसाठी १७(२) मध्ये मोकळीक मिळते. अट अशी की त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली पथ्यं पाळायची. त्यासाठी अख्खा कायदा खिळखिळा करायला नको.

मला स्वतःला जाच वाटतो तो उलट बाजूनं. नव्या नियमांत एक कलम असं आहे की माहिती आणि तिच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या, सरकारला काही ठरावीक कारणांसाठी लागल्या तर मिळाव्यात म्हणून. पुस्तक परत आलं की वाचकाचं नाव पुसावं ही ग्रंथपालाची जुनी शिस्त. संगणकावर गेलात की ती वर्षभर लांबते.

आणि म्हणूनच बाबा, संगणकीकरणाची घाई करू नका. कायदा लागतो तो डिजिटल माहितीला, किंवा कागदावरून संगणकात चढवलेल्या माहितीला. खणातली कार्डं त्याच्या बाहेर आहेत.

त्यातही कार्डांवर देवघेव करण्याची पद्धत कोणती हे महत्त्वाचं. ब्राउन पद्धतीत वाचकाला जितकी पुस्तकं मिळतात तितकी खिशासारखी तिकिटं असतात. पुस्तक नेताना त्यातलं बुककार्ड, म्हणजे त्या पुस्तकाचं स्वतःचं कार्ड, काढून वाचकाच्या तिकिटात सरकवायचं आणि ट्रेमध्ये परतीच्या तारखेच्या पट्टीमागं उभं करायचं. पुस्तक आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. कुणी काय वाचलं याचा मागमूस उरत नाही. नेवार्क पद्धतीत मात्र बुककार्डावर वाचकाचा क्रमांक आणि तारीख लिहितात, आणि पुस्तक परत आलं की ते कार्ड पुन्हा त्यातच जातं, भरेपर्यंत. पुढच्या वाचकालाही आधीचे क्रमांक दिसतात. ब्राउनची खोड एकच : तिकीट चुकून दुसऱ्या तारखेमागं गेलं की अख्खा ट्रे उपसावा लागतो. रोजचे आकडे हवेत तर संध्याकाळी त्या दिवसाची कार्डं विषयवार मोजून वहीत फक्त संख्या लिहायची. तपासणीसाठी कुठली नोंदवही किती वर्षं ठेवायची हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

मंडळानं कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्यायचंच ठरवलं, तर ते चांगलं आहे आणि फुकट आहे. पण परत आलेल्या पुस्तकाची नोंद ते वाचकाच्या नावासकट जुन्या देवघेवीच्या तक्त्यात ठेवतं. नाव काढायचं तर आधी एक खोटा सभासद तयार करून त्याचा क्रमांक 'अनॉनिमस पेट्रन' या सेटिंगमध्ये घालावा लागतो. तो घातला नाही आणि एखाद्या वाचकानं 'माझा इतिहास कधीच ठेवू नका' असं निवडलेलं असलं, तर पुस्तक जमा करतानाच यंत्रणा अडून बसते. मग काउंटरवरचा माणूस वैतागून ती सोयच बंद करतो. खोटा सभासद झाला की दर महिन्याच्या एक तारखेला वर्षापेक्षा जुन्या नोंदींवरची नावं कोहाच्या साधनं (टूल्स) विभागातून काढायची. तरी काम संपत नाही. आकडेवारीच्या तक्त्यात, लॉगमध्ये आणि पाठवलेल्या ईमेलच्या प्रतींत तोच वाचक शिल्लक असतो. बॅकअपच्या पेनड्राइव्हमध्ये तर सगळंच. तो पेनड्राइव्ह काउंटरच्या खणात ठेवू देऊ नका.

'पुस्तक फाटलं तर कुणी फाडलं ते कसं कळणार?' हे मंडळात नक्की कुणीतरी म्हणेल. पुस्तक जमा करतानाच पानं चाळून बघायची, हे उत्तर. कोहामध्ये फक्त शेवटच्या वाचकाचं नाव धरून ठेवायची सोयही आहे.

आधारच्या झेरॉक्सच्या फायली मात्र आजच बघा. सभासद करताना पत्त्याचा पुरावा डोळ्यांनी पाहायचा, अर्जावर 'पाहिला' लिहून सही करायची आणि कागद परत द्यायचा. प्रत लागणारच असेल तर पहिले ८ अंक झाकलेला आधार घ्या. जुन्या झेरॉक्स रद्दीत नका घालू, फाडून मग टाका. आणि थकलेल्या पुस्तकांची यादी नावानिशी व्हॉट्सअॅप गटावर टाकायची पद्धत बंद करा. ज्याचं त्याला कळवा, तेही पुस्तकाचं नाव न लिहिता : 'आपल्याकडील एक पुस्तक परत यायचे आहे.' १८ वर्षांखालच्या मुलांचे फोन नंबर घेऊच नका, पालकांचा घ्या. मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे.

जुन्या देवघेवीच्या वह्या स्कॅन करून वेबसाइटवर टाकायची कल्पनाही तूर्त बाजूला ठेवा. कपाटात आहेत तोवर त्या कायद्याबाहेर आहेत, स्कॅन केल्या की आत आल्या, आणि त्यांतली निम्मी नावं अजून सोलापूरच्या बाळीवेशीत हिंडताहेत.

बैठकीआधी एक कराल? कुठल्याही जुन्या पुस्तकातलं बुककार्ड काढून त्याचा फोटो पाठवा. कार्डावर हातानं लिहिलेले वाचकांचे क्रमांक आणि तारखा असतील तर तुमची पद्धत नेवार्क. मग ब्राउनवर यायला तिकिटं किती छापायची ते सभासदसंख्या बघून सांगते.

तुमची,
लेक