ओकलंडच्या काकूंना, मनापासून थँक्यू

प्रिय काकू,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून लगेच विषय बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. दुसरं कारण म्हणजे कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या आपल्या कित्येक मंडळींना ओकलंड स्कूल फॉर द आर्ट्स या कलेच्या शाळेचं नावच माहीत नाही, आणि माहीत असलं तरी "आर्ट्स म्हणजे फी जबरदस्त असणार" किंवा "ओकलंड डाउनटाउनला पोरीला एकटीला कसं पाठवायचं" इथेच गाडी अडते. आमचीही तिथेच अडली होती.

ही चार्टर स्कूल आहे, आणि चार्टर स्कूल म्हणजे प्रायव्हेट नाही, सरकारी पैशावर चालणारी पब्लिक शाळाच, फी नाही, फक्त कारभार स्वतःचा आणि चार्टर, म्हणजे शाळा चालवायची परवानगी, ठराविक वर्षांनी रिन्यू करून घ्यावं लागतं, हे तुम्ही आमच्या डायनिंग टेबलवर बसून समजावलंत. कॅलिफोर्नियाचा चार्टर शाळांचा कायदा १९९२ चा, असा कायदा करणारं मिनेसोटानंतर दुसरं राज्य. आणि आम्ही फ्रीमाँटला राहतो म्हणून काही अडणार नाही, जागा असली तर बाहेरगावचं मूलही घेतात, हे ऐकल्यावर माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा लॅपटॉप मिटून तुमच्याकडे बघितलं. चार्टर शाळा स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे गावातल्या नेहमीच्या सरकारी शाळांची, मुलं आणि पैसा ओढतात असं लोक म्हणतात, हेही तुम्ही लपवलं नाहीत, त्यात तथ्य आहे असंच म्हणालात, म्हणून तुमच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसला.

तुमचा मुलगा सुरुवातीच्या बॅचमधला, त्यामुळे शाळा उभी राहताना तुम्ही जवळून पाहिलीत. २००२ साल, जेरी ब्राऊन तेव्हा ओकलंडचे मेयर, आधी राज्याचे गव्हर्नर राहिलेला आणि पुढे पुन्हा झालेला माणूस. त्याने आदल्या वर्षी मिलिटरी शिस्तीची शाळा सुरू केली होती आणि मग ही कलेची! सरकारकडून मुलामागे जे मिळतं त्यात डान्सचे, म्युझिकचे शिक्षक कुठून परवडणार, तेव्हा मोठमोठ्या लोकांकडे त्याने स्वतः देणग्या मागितल्या. आधी जागा अ‍ॅलिस स्ट्रीटवरच्या आर्ट्स सेंटरमध्ये, तिथे वर्षानुवर्षं आफ्रिकन नाच आणि ड्रम शिकवणाऱ्या लोकांना आपली जागा जाते की काय अशी भीती होती आणि ते भांडले, आणि बरोबर भांडले असं तुम्ही म्हणायचात. कलेच्या शाळेसाठी कलाकारांनाच बाहेर काढायचं हे मलाही पटत नाही. मग फॉक्स थिएटरजवळच्या तात्पुरत्या वर्गखोल्या. तो काळ तुम्ही सांगायचात तेव्हा मला थक्क व्हायला व्हायचं, कारण आज कुणी शाळा बघायला गेलं तर त्याला यातलं काहीच दिसत नाही.

दिसतं ते फॉक्स. १९२८ चं थिएटर, साठच्या दशकात बंद पडलेलं, १९९६ मध्ये सिटीने विकत घेतलं आणि तरी कितीतरी वर्षं तसंच. २००९ मध्ये ते पुन्हा उघडलं ते शाळेला सोबत घेऊनच, मधे थिएटर आणि त्याला लागून वर्ग. मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं, की बंद पडलेली वास्तू नुसती कॉन्सर्टसाठी नाही तर पोरांसाठीही उघडली. आता सहावी ते बारावी, सकाळी गणित-सायन्स आणि दुपारी ज्याची त्याची कला. हॉलिवूडची नटी झेंडायासुद्धा इथे शिकलीय, हे कळल्यावर आमच्या लेकीला आमची परवानगी फक्त फॉर्मवर सही करायला हवी होती.

पण काकू, खरे आभार त्या रविवारचे. तेव्हा प्रवेशासाठी ऑडिशन असायची, व्हिज्युअल आर्टला चित्रांचा गठ्ठा घेऊन जायचं. मी सगळी नीटनेटकी चित्रं वर ठेवली होती, गणपती, मोर, फोटोवरून काढलेला सूर्यास्त. तुम्ही ती सगळी बाजूला केलीत आणि तळातून वहीचं फाटकं पान काढलंत, त्यावर आमचा ओटा, शिट्टी काढलेला कुकर, बाजूला ओलं फडकं, पेनने काढलेलं, कडेला चहाचा डाग. "हे तिने बघून काढलंय, बाकीची दुसऱ्याची बघून काढलीत" असं म्हणालात आणि लेकीला विचारलंत की फडक्याच्या घड्या काढताना आधी कुठून सुरुवात केलीस, आणि ती जी बोलत सुटली ती अर्धा तास थांबलीच नाही, घरात एरवी हो-नाहीच्या पुढे न जाणारी मुलगी. ऑडिशनला तिला काय विचारायचं असेल त्याची तयारी तिथेच झाली.

आणि मग सुरुवातीचे दिवस तुम्ही नाइन्टीन्थ स्ट्रीटच्या बार्ट (इथली लोकल ट्रेन) स्टेशनच्या बाहेर येऊन उभ्या राहायचात, तिला रस्ता पाठ होईपर्यंत, गुडघे दुखत असताना. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, लेकीने सांगितलं. हजेरी बुडाली की शाळेचे पैसे बुडतात, म्हणून साध्या सर्दीला घरी राहू नकोस, हेही तिला तुम्हीच बजावलंत.

आता ती आर्ट कॉलेजला जातेय, ते तुम्हाला माहितीय. एक काम मात्र अजून आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाला ट्रम्पेटचं वेड आहे आणि त्याचे आईबाबा आमच्यासारखेच घाबरलेत. तुमचा नंबर त्यांना दिलाय, शनिवारी फोन करतील. त्यांनाही सगळं पहिल्यापासून सांगा, अ‍ॅलिस स्ट्रीटपासून.

तुमची,
फ्रीमाँटची लेक