एक सिगारेट ओढली म्हणजे सगळं संपलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला धूम्रपान सोडण्यावरचा लेख वाचून राहवलं नाही. लेखकाचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘एक जरी ओढलीत तरी आजवरची मेहनत पाण्यात’ हे वाक्य ठळक चौकटीत छापताना ते कोण वाचणार, याचा विचार व्हायला हवा होता.

आमच्या घरी ते धाकट्या भावाने वाचलं. त्याची सिगारेट सुटून काही आठवडे झालेत. मध्यंतरी एका समारंभात मित्रांनी ‘एकाने काय होतंय’ म्हणत आग्रह केला आणि त्याने ओढली. घरी येऊन स्वतःहून सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बंद. काल तुमची चौकट वाचून म्हणाला, “ताई, मग आता कशाला जीव मारायचा?”

त्याला सांगितलं तेच इथे लिहिते. निकोटिन सुटल्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो, पुढे तीन-चार आठवड्यांत ओसरत जातो. सर्वांत अवघड दिवस तू काढलेस, ते एका सिगारेटने पुसले जात नाहीत. तलफ आली की ती संपणारच नाही असं वाटतं, पण काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ पाणी पी, चालून ये, मला फोन कर. खोकला वाढला तर घाबरू नकोस, फुप्फुसं साफ होऊ लागली की काहींना सुरुवातीला तसं होतं. कॉफी कमी कर. सिगारेट सुटल्यावर कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि जीव अस्वस्थ होतो. वर्षभर निभावलंस की हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. आणि सिगारेट कायमची सोडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची ती आधी सुटून पुन्हा लागलेली असते.

यातलं काहीच लेखात नाही. निकोटिनच्या च्युइंगमचा, पट्ट्यांचा, डॉक्टरांच्या मदतीचा साधा उल्लेख नाही. सगळा भार इच्छाशक्तीवर. आणि आग्रह करणाऱ्या मित्रांना एका शब्दाने बोल नाही! तुम्हाला ओढायची तर ओढा, पण सोडलेल्या माणसापुढे पाकीट धरू नका, हे त्यांना कुणी सांगायचं?

आणखी एक. अशा प्रत्येक लेखासोबत तुम्ही पेटत्या सिगारेटचा भला मोठा फोटो छापता. नुकतीच सोडलेल्या माणसाला ती नुसती दिसली तरी तलफ येते. पुढच्या वेळी निदान तो फोटो तरी छापू नका.

आपली,
एक वाचक