तो स्क्रीनशॉट माझ्या फोनवरून गेला

कराड, रविवार

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू ज्याचं नाव शोधते आहेस ती मी आहे. तुझ्या इन्स्टाग्रामवरच्या पोस्टचा स्क्रीनशॉट माझ्या फोनवरून बाहेर गेला. हे सांगायला तुला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा जेवलीस का, पाऊस आहे का, एवढंच विचारून ठेवला. म्हणून लिहिते आहे.

मंगळवारी रात्री साडेअकराला तुझी पोस्ट दिसली. सीएच्या इंटर परीक्षेचे दोन्ही ग्रुप राहिले, आता कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही, असं तू लिहिलं होतंस. ते वाचून माझ्या पायातलं बळच गेलं. चार फोन केले, तू उचलला नाहीस. बाबा रात्रपाळीला होते. मी स्क्रीनशॉट काढला आणि ठाण्याला मावशीला पाठवला. 'बघ गं, हिला जरा फोन लाव' एवढंच लिहिलं. मावशी घाबरली, तिनं तो माहेरच्या ग्रुपवर टाकला, आणि सकाळी नाशिकच्या मोठ्या मामांनी तुला थेट निकालाचं विचारलं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण तुझी गोष्ट तू निवडलेल्या माणसांच्या बाहेर गेली आणि पहिलं दार मी उघडलं. माझं चुकलं. मला माफ कर.

त्याहून वाईट म्हणजे मी गप्प बसले. तू तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीवर संशय घेतलास, चार दिवस तिच्याशी बोलत नाहीस, हे मला दादाकडून कळलं. तिनं काहीही केलेलं नाही. बाकीचं पत्र नंतर वाच, आधी तिच्याशी बोल.

बोललीस? आता दुसरं. 'तुमची पोस्ट कुणी शेअर केली ते पाहा' म्हणणारं एक अ‍ॅप तू घेतलंस आणि त्यात इन्स्टाग्रामचा पासवर्ड टाकलास, असं दादा म्हणाला. त्या अ‍ॅपनं तुला तीन नावं दाखवली, त्यात तुझ्या मैत्रिणीचं नाव होतं. बाळा, ती नावं खरी असूच शकत नाहीत. तुझं खातं खाजगी आहे. खाजगी खात्यातली पोस्ट कुणी शेअर केली तरी ती तुझ्या फॉलोअरलाच उघडते. बाहेर गेला तो स्क्रीनशॉट, आणि पोस्टचा स्क्रीनशॉट कुणी काढला हे इन्स्टाग्राम कुणालाच कळवत नाही. खुद्द कंपनी जे देत नाही ते हे उपरे अ‍ॅप कुठून आणणार? तुझ्याच फॉलोअरच्या यादीतली चार नावं उचलायची आणि पुढे ठेवायची, एवढंच त्याला जमतं. माझं नाव त्यात नव्हतं, यावरूनच ओळख.

आजच पासवर्ड बदल. सेटिंगमध्ये कुठकुठल्या फोनवर तुझं खातं चालू आहे त्याची यादी मिळते, त्यातलं अनोळखी काढून टाक. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर कोडही मागणारी, चालू कर. आणि तोच पासवर्ड ईमेलला असेल तर तोही बदल.

हे फक्त तुझ्यापुरतं नाही, म्हणून जीव तुटतो. तुझ्या खात्यात तुझ्या मैत्रिणींचे मेसेज आहेत, त्यांची दुखणीखुपणी आहेत. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं, म्हणजे फेसबुकवरच्या लोकांची माहिती निवडणूक-प्रचारासाठी परस्पर मिळवणाऱ्या कंपनीचं, प्रकरण बाहेर आलं, तेव्हा फेसबुकनंच आकडा दिला होता. स्वभाव ओळखणारी प्रश्नावली असलेलं ते अ‍ॅप भारतात घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी. पण त्यांच्या मित्रयादीतून ज्यांची माहिती गेली असावी असे लोक ५ लाख ६२ हजार होते. त्यांनी कुठल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी होकार दिला होता. मी तुझ्या वतीनं दिला तसाच.

टपालात एकतीस वर्षं काढली मी. दुसऱ्याचं पाकीट उघडणं हा गुन्हा, हे रुजू झाल्यावर पहिल्यांदा शिकवलं गेलं आणि ते मी एकदाही मोडलं नाही. तुझ्या बाबतीत मात्र पोस्टकार्ड आणि पाकीट यांतला फरक मला कळला नाही. पोस्टकार्ड वाटेत कुणीही वाचतं, लिहिणाऱ्याला ते माहीत असतं. तू लिहिलं होतंस ते पाकीट होतं. दोनशे बारा फॉलोअरच्या नावाचं असलं तरी पाकीटच.

खिडकीवर एकदा एक म्हातारे गृहस्थ आले होते. रजिस्टर एडीची गुलाबी पोचपावती हातात. वाटणीबद्दल भावाला पत्र लिहिलं होतं आणि पावतीवर सही भावजयीची आलेली. 'मग पत्र वाचलं कुणी?' मी रजिस्टर काढून बटवड्याची तारीख सांगितली, सही कुणाच्या हातची ते सांगितलं. पावती कोपऱ्याकोपऱ्यानं फिरवत ते उभेच राहिले. 'पण वाचलं कुणी?' त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कुठल्याच टपाल कचेरीकडे नसतं. कुणाच्या हाती पडलं इथवर आमची नोंद. रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये मिसळलं, पण नोंद तिथवरच.

हल्लीची नोंद मात्र तिथे थांबत नाही. काल दादानं मला इन्स्टाग्रामच्या एका रीलची लिंक पाठवली. चष्मा लावून नीट बघितली. पत्ता संपल्यावर प्रश्नचिन्ह, मग 'आयजीएसएच', मग अक्षरांची लांब शेपटी. प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं खोडलं तरी रील तशीच उघडली. म्हणजे ती शेपटी माझ्यासाठी नव्हतीच. कुणी कुणाला दिलं याची नोंद कंपनीला व्हावी म्हणून ती लावलेली. तू चार दिवस जे शोधत होतीस त्यासारखं बरंच कंपनीपाशी जमा होतं, आणि ज्याची गोष्ट त्याच्या हाती फक्त कितीदा शेअर झाली तो आकडा. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

मग कायद्यानंच कंपनीला पाठवणाऱ्याचं नाव सांगायला लावावं का? परवापर्यंत मी हो म्हटलं असतं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आयटी नियमांत तसं आहेही. गंभीर गुन्ह्यात आदेश आला तर मोठ्या मेसेजिंग कंपनीनं मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते सांगायचं. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्यांचं म्हणणं असं, की कुठला मेसेज पुढे शोधावा लागेल हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर खूण ठेवावी लागेल. आणि दुसऱ्या बाजूला आपल्या धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आहे. १ जुलै २०१८, मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, मंगळवेढ्याकडची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. त्या पाच घरांतल्या बायकांसमोर उभं राहून, अफवा कुणी सोडली ते शोधू नका, असं म्हणायची माझी छाती होणार नाही. पण घाबरलेल्या बाईनं बहिणीला मध्यरात्री पाठवलेल्या मेसेजवरही तीच खूण बसावी, हेही मला पटत नाही. दोन्ही खरं वाटतं आणि अजून मन ठरत नाही.

एक मात्र वाचून बरं वाटलं. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी निवृत्तीनंतर, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधारच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क सरकारपुढे तुझा आहे तसा माझ्यापुढेही आहे, असं मी धरून चालले आहे.

मावशीनं ग्रुपवरचा स्क्रीनशॉट काढून टाकला आहे. पण फोटो आपोआप गॅलरीत उतरतात, म्हणून मी सातही घरी एकेक फोन करून तो पुसायला सांगितला. मोठ्या मामांना गॅलरी सापडेना, फोनवरून सांगता सांगता वीस मिनिटं गेली, पण पुसला. तुला मी इन्स्टाग्रामवर फॉलो करते ते ठेवायचं की काढायचं, तू ठरव. काढलंस तर मी कारण विचारणार नाही. फक्त रात्री मी फोन केला आणि बोलायचं नसलं, तर 'ठीक आहे' एवढं टाकत जा.

पाकिटात तुझ्या मैत्रिणीसाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. चिकटवलेली नाही. आधी तू वाच, आणि द्यावीशी वाटली तर दे.

तुझी,
आई