कोड्यातला खलाशी ओळखायला शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्यावर बसून इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक क्रॉसवर्ड, म्हणजे शब्दांच्या खेळात उत्तर दडवणारं शब्दकोडं, सोडवतो, हे आता सोलापूरच्या आख्ख्या चाटी गल्लीला ठाऊक आहे. ते कुणामुळे जमतं, हे मात्र कुणाला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

तुम्ही चादरी बघायला आला होतात. काउंटरवरचं कोडं दिसल्यावर चादरी बाजूला राहिल्या! मी 'सेलर', म्हणजे खलाशी, या शब्दापाशी अडलो होतो. या कोड्यांत जिथं तिथं समुद्र, आणि आपल्याकडं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव. तुम्ही म्हणालात, "जहाज डोळ्यांपुढं आणूच नकोस. अक्षरं बघ."

मग पेपरच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंत: 'रूम ऑन शिप, अबाउट सेलर ॲट होम'. उत्तराचा अर्थ जवळजवळ कायम एका टोकाला असतो. इथं तो जहाजावरची खोली. बाकी सगळी जोडाजोड. अबाउट म्हणजे 'सर्का' (लॅटिनमध्ये 'सुमारे') याचा सी, सेलर म्हणजे एबल सीमनचे एबी, घरी असणं म्हणजे इन. झालं केबिन! त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही.

पुढं खलाशाची बाकीची सोंगं कळली: टार, सॉल्ट, जॅक, हँड, रेटिंग. जहाज म्हणजे बहुतेकदा एसएस (स्टीमशिप), आणि 'ऑन बोर्ड' दिसलं की त्या दोन एसच्या मध्ये शब्द बसवून बघायचा. आत टीम चढली की स्टीम्स! आपल्या सीना-भीमा नद्यासुद्धा इथं 'फ्लॉवर' ठरतात, फूल म्हणून नव्हे, तर त्या फ्लो होतात, म्हणजे वाहतात, म्हणून.

नुसतं पाठ कर, असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. पोर्ट म्हणजे एल का, तर ती जहाजाची डावी, म्हणजे लेफ्ट, बाजू. तिला आधी लार्बोर्ड म्हणत. ते स्टारबोर्डसारखंच (म्हणजे उजव्या बाजूच्या नावासारखंच) ऐकू यायचं, आणि वादळात ओरडून दिलेल्या हुकमात असा घोटाळा परवडणार कसा? म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश आरमारानं पोर्ट हा शब्द पक्का केला. कारण कळलं की डोक्यात बसतं. आता पोर्ट दिसलं की डावी बाजू, बंदर आणि दारू, तिन्ही तपासतो.

सगळ्यात मोठे आभार मात्र उत्तर न सांगितल्याबद्दल. कितीदा फोन केला, तुम्ही एवढंच विचारलंत, "अर्थ कुठल्या टोकाला आहे?" आणि फोन ठेवलात. तेवढ्यानं सुटायचं, काकू. मनापासून आभार.

तुमचा,
चाटी गल्लीतला चादरवाला