पुस्तक मिटून

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या सत्रात कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र हे दोन्ही विषय एकदम घेतल्याचे तू कळवलेस, आणि त्याच पत्रात ‘सुट्टीत पुस्तक दोनदा वाचून काढते’ असेही लिहिलेस. पहिल्या गोष्टीचा मला आनंद आहे. दुसरीविषयी मात्र लिहायला हवे, कारण मी नेमके तेच केले होते आणि चांगलाच आपटलो होतो.

सोडवलेली उदाहरणे मी कादंबरीसारखी वाचत असे. प्रत्येक पायरी पटायची आणि समासात पेन्सिलीने बरोबरची खूण व्हायची. परीक्षेत तेच उदाहरण केवळ आकडे बदलून आले, तेव्हा पहिल्या ओळीपुढे पेन सरकेना. दुसऱ्याने लिहिलेली पायरी पटणे वेगळे आणि ती आपल्याला सुचणे वेगळे, हे मला तेव्हा कळले. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग पुढे वाचनात आला. त्यात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले होते. पण आठवड्यानंतर, एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले होते.

म्हणून कोरा कागद घे. क्ष ची किंमत २ कडे जात असता ३क्ष + १ ची लिमिट (म्हणजे ते ज्या किमतीच्या जवळ जात राहते ती) ७ येते, हे तू झोपेतही सांगशील. पण उत्तर ७ पासून ०.०१ पेक्षा कमी अंतरावर राहावे, यासाठी क्ष ला २ च्या किती जवळ ठेवशील? क्ष जितका सरकतो त्याच्या तिप्पट उत्तर सरकते, म्हणून ०.०१ ला ३ ने भागायचे. उत्तराला मुभा असलेले अंतर म्हणजे एप्सिलॉन, त्यासाठी क्ष ला लागणारे अंतर म्हणजे डेल्टा; लिमिटच्या व्याख्येतला हा एप्सिलॉन-डेल्टाचा बागुलबुवा या उदाहरणात तरी एवढाच आहे. न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात कॅल्क्युलस उभे केले, तरी लिमिटची काटेकोर मांडणी व्हायला एकोणिसावे शतक उजाडले; गणितज्ञ कोशी यांचे पुस्तक १८२१ चे, आणि व्याख्येला आजचे रूप वायरश्ट्रास यांनी त्याहीनंतर दिले. तेव्हा एका संध्याकाळी ती गळी उतरली नाही, तर स्वतःला ‘ढ’ ठरवू नकोस.

कॅल्क्युलसच्या गणितात गाडी बहुधा कॅल्क्युलसमुळे अडत नाही, तर अपूर्णांक, घातांक, लॉगॅरिदम आणि त्रिकोणमिती यांपाशी अडते. (माझा उणे चिन्हाशी उभा दावा होता.) सुट्टीतला निम्मा वेळ या जुन्या धड्यांना दे, भौतिकशास्त्रासाठी तूर्त सदिशांची बेरीज आणि एकके पक्की असली तरी भागेल.

सत्र सुरू झाल्यावर सरांकडे जाशील तेव्हा ‘हा भाग समजला नाही’ एवढेच न सांगता अर्धवट सोडवलेले गणित घेऊन जा, म्हणजे नेमकी कुठली ओळ चुकली ते त्यांना दाखवता येईल. तसेच एखादे पान मलाही पाठव. खाडाखोड पुसू नकोस, मला तीच बघायची आहे.

तुझा,
बाबा