यंदा नाताळ करणार का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२५ डिसेंबरच्या अंकात दरवर्षी सांताक्लॉज, केक आणि कॅम्पातली रोषणाई असते. फोटो छान असतात, तक्रार नाही. केक तर सगळेच खातात, आणि ३१ तारखेला सरत्या वर्षाचा ‘ओल्ड मॅन’ पुतळा जाळायला बेळगावातल्या गल्लीगल्लीतली पोरं पुढे असतात. पण आमचा नाताळ त्याच्या चार रविवार आधीच सुरू होतो. आगमनकाळ म्हणतात त्याला. चर्चमध्ये जांभळा रंग, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त, बाकी नुसती वाट पाहणं. त्याचा फोटो कोण काढणार?

तेव्हा आमच्या खानापूर तालुक्यात भाताच्या मळण्या चालू असतात. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पिंजर शेजारचे काका देतात. माणूस माळकरी, पण पेंढी हातात देताना दरवेळी बजावतात, “उन्हात घाल गं, बाळाला ओलं नको.” मरिया, योसेफ, मेंढरं सगळी मांडून होतात. गव्हाण मात्र २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात बाबा गेले. इकडे घरात दुःख झालं की वर्षभर सण करत नाहीत, त्यामुळे जो तो विचारी, “यंदा नाताळ करणार का?” तारा लावला नाही, नेवऱ्या तळल्या नाहीत. चर्चमध्ये मिस्सेला मात्र गेलो. लूकच्या शुभवर्तमानातलं ‘उतारशाळेत जागा नव्हती’ हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले. त्या रात्री ते ऐकताना बाबांना खाट मिळेना म्हणून हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काढलेली रात्र आठवली. देवालाही जागा मिळाली नव्हती, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं म्हणा ना. घरी येऊन गव्हाणीत बाळ ठेवलं. रडले खूप, पण नाताळ झाला. देव माणूस होऊन आला हे खरं असेल, तर ते दुःखाच्या घरातही खरंच, असं मी मानते. मग सण रद्द कसा करायचा?

सकाळी काका-काकू करंज्यांचा डबा घेऊन आले. दुःखाच्या घरी फराळ शेजाऱ्यांनी द्यायचा, ही त्यांची रीत. काका गोठ्यासमोर वाकले, पिंजराला हात लावून बघितला आणि म्हणाले, “बरं वाळलंय.”

यंदा छायाचित्रकाराला आठवडाभर आधी पाठवा, गव्हाण रिकामी असेल तेव्हा.

आपली,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)